कंसातल्या बायका

सिग्ने तुवेसनला कोणी विचारलं की तू काय करतेस, तर ती सांगायची, "तेलावर संशोधन." समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडा आदर उमटायचा, कारण नॉर्वेच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला तेल म्हटलं की समुद्रातून निघणारं तेल आठवतं आणि त्यामागून येणारा पैसाही आठवतो. मग ती सांगायची, की हे अंगाला लावायचं तेल आहे, ऑलिव्हचं, आणि तेही अठराशे वर्षांपूर्वी संपलेलं. आदर आला त्या वाटेनं परत जायचा.

हे सगळं ती स्वतःच सांगायची, म्हणजे लोकांना हसायचे कष्ट पडू नयेत.

स्वीडनमधल्या लुंडच्या विद्यापीठात ती प्राचीन इतिहासाकडे आली ती रांग बघून. एस्लोव्हसारख्या गावातून, आईच्या केस कापायच्या दुकानातून ती एकोणिसाव्या वर्षी नाव नोंदवायला आली, तेव्हा कायद्याची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेली होती. प्राचीन इतिहासाच्या टेबलापुढे कोणीच नव्हतं. टेबलामागची बाई स्वेटर विणत होती. सिग्नेला वाटलं, एखादं सत्र इथे काढू, तोवर ती रांग ओसरेल. पहिल्याच तासाला प्राध्यापक एस्बियर्ननं सांगितलं, की या विषयात नोकऱ्या नाहीत. सिग्नेला तो त्याचा विनोद वाटला. एस्बियर्न विनोद करत नाही हे कळायला तिला बरीच वर्षं लागली, आणि तोपर्यंत ती त्याच्याच हाताखाली प्रबंध लिहीत होती.

प्रबंधासाठी सरकार चार वर्षं पगार देतं. सिग्नेला अकरा लागली. उरलेली सात वर्षं ती गावातल्या पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीत बसली. सकाळी म्हाताऱ्यांना बाष्पस्नानाची तिकिटं द्यायची, दुपारी रोमन काळातल्या स्नानगृहांबद्दल लिहायचं. "दोन्हीकडे मी दारातच बसलेली असते," ती म्हणायची. "आत कोणी बोलावत नाही."

तिचा विषय होता तर्मेंडा. आशिया मायनरमधलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, एक किरकोळ गाव. तिथून शिकण्यासारखं काही मिळालं असेल तर एक तुटका दगड. त्या दगडावर ग्रीकमध्ये कोरलं होतं, की मेनिप्पोस नावाच्या एका श्रीमंत गृहस्थानं सणाच्या दिवसांत गावाच्या स्नानगृहात स्वखर्चानं तेल ठेवलं, पुरुषांना आणि स्त्रियांना. या शेवटच्या दोन शब्दांवर सिग्नेचं आयुष्य उभं होतं. कारण तेल वाटणारे श्रीमंत त्या काळी पैशाला पासरी होते, पण ते वाटायचे पुरुषांना. बायकांनाही फुकट तेल मिळालं असं सांगणारे दगड हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे या बायकाच होत्या. त्या कधी यायच्या, कुठल्या दारानं यायच्या, तेलाची कुपी घरून आणायच्या की नाही, याचा तिनं इतका बारीक विचार केला होता, की तलावावरच्या बायकांपेक्षा तर्मेंडाच्या बायका तिच्या जास्त ओळखीच्या होत्या. परिषदांत वाचून दाखवलेल्या या प्रकरणामुळे तिचं नाव जगभर झालं होतं. जगभर म्हणजे आठ माणसांत, आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नव्हती.

मे महिन्यात प्रबंध छापून आला. मग तो ठोकायचा असतो. जाहीर चर्चेच्या तीन आठवडे आधी उमेदवारानं आपल्या हातानं प्रबंध विभागाच्या भिंतीवरल्या लाकडी पाटीवर खिळ्यानं ठोकायचा, म्हणजे ज्याला वाचायचा त्यानं वाचावा आणि चुका काढून यावं. प्रत्यक्षात वाचत कोणी नाही, पण ठोकताना सगळे हजर असतात, कारण नंतर कॉफी आणि दालचिनीचे बन असतात. सिग्नेनं तीन घाव घातले. खिळा वाकडा गेला. एस्बियर्न म्हणाला, "वाईट नाही." त्या मुलखात याहून मोठी स्तुती लग्नातही कोणी कोणाची करत नाही.

हातात बन घेऊनच ती ग्रंथालयात गेली. जाहीर चर्चेच्या वेळी पडद्यावर दाखवायला तिला दगडाचा फोटो हवा होता. तो ज्या जाड खंडात पहिल्यांदा छापला, तो खंड तिनं शेवटचा उघडला होता विद्यार्थिदशेत, पहिल्या वर्षी, एका कार्डावर मजकूर उतरवून घेताना. नंतर त्या खंडाचा हवाला तिनं इतक्या वेळा दिला, की तो उघडायची गरजच उरली नाही.

तिनं तो उघडला. मेनिप्पोस होता. तेल होतं. पुरुषांना, हेही होतं. पुढचे दोन शब्द चौकोनी कंसात होते.

कंसाचा अर्थ त्या धंद्यात एकच. दगड तिथे तुटलेला आहे. अक्षरं दगडावर नाहीत, छापणाऱ्यानं अंदाजानं भरली आहेत. हे पहिल्या सत्रात शिकवतात आणि दुसऱ्या सत्रात सगळे विसरतात, कारण कंसातला मजकूर नेहमी कंसाबाहेरच्या मजकुरापेक्षा रंजक असतो. खाली बारीक टाइपात टीप होती: 'दगडाचा उजवा कोपरा गेलेला. कदाचित: आणि स्त्रियांना. मो. के.'

एकोणिसाव्या वर्षी कार्डावर उतरवताना सिग्नेनं शब्द घेतले, कंस घेतले नाहीत. कार्डावर जागा कमी होती.

फोटोत तुटका कोपरा अगदी स्पष्ट दिसत होता. तिच्या मनात आलेला पहिला विचार विद्वत्तेचा नव्हता. तो असा होता, की खिळा वाकडा गेलाय, तेव्हा कदाचित निघेल.

मो. के. म्हणजे मोगेन्स केरुल्फ. कोपनहेगनचे. तुटक्या दगडांतला त्या पिढीतला सगळ्यात मोठा माणूस, आणि तिच्या जाहीर चर्चेचा नेमलेला विरोधक. तीन आठवड्यांनी ते डेन्मार्कहून समुद्रावरला पूल ओलांडून येणार होते आणि सगळ्यांसमोर तिचा प्रबंध फोडणार होते. त्याला परंपरेनं सन्मान म्हणतात.

ती एस्बियर्नकडे गेली. त्यानं खंड पाहिला, फोटो पाहिला, मग खिडकीबाहेर झाडावर कलकलणारे कावळे पाहिले. हाच दगड तोही वीस वर्षं शिकवत आला होता, आणि तो कंसाशिवायच. सिग्नेनं सुचवलं, की चर्चेच्या दिवशी दारात शुद्धिपत्र वाटतातच, त्यात एक ओळ घालू: चौथे प्रकरण वगळून वाचावे. एस्बियर्न म्हणाला, की शुद्धिपत्रात लोक ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधतात, अशी ओळ पाहून गोंधळतील.

"मोगेन्सचाच दगड आहे तो," तो शेवटी म्हणाला. "तो विचारेलच. विचारलं की सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

एस्बियर्ननं कॉफीचा घोट घेतला. कप रिकामा होता हे तिला दिसत होतं.

"तर मग त्यानं विचारलं नाही," तो म्हणाला.

इथे कोणी कोणाला खोटं बोल म्हणून सांगत नाही. तेवढी जवळीक नसते.

चर्चेच्या आधीच्या आठवड्यात ती एस्लोव्हला गेली, आईकडून केस कापून घ्यायला. गुन्वर तुवेसनच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, आणि दुसऱ्या खुर्चीवर कोणी बसलेलं असलं तरी ती बोलायची थांबत नसे. मेजवानीचं सगळं तिनंच ठरवलं होतं. साठ माणसं, खास तिकडच्या पद्धतीचा, विस्तवासमोर फिरवून केलेला, माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढा अंड्यांचा केक, आणि मामाचं भाषण, जे त्यानं तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं आणि दरवर्षी तारीख बदलत होता. सिग्नेनं आरशातल्या आईला सगळं सांगितलं.

"बायका नव्हत्या म्हणजे?" गुन्वरनं विचारलं.

"होत्या की नव्हत्या, माहीत नाही. तिथे दगड तुटलाय."

"मग अकरा वर्षं तू लिहीत कोणाबद्दल होतीस?"

"मोगेन्स केरुल्फच्या अंदाजाबद्दल."

"त्याला ठाऊक आहे?"

"त्यानंच केलाय, आई."

"मग तो कशाला बोलतोय? मान सरळ ठेव." गुन्वरची कात्री चालू झाली. "एखादीचे केस मागून जास्त गेले, तर मी मागचा आरसा जरा वर धरते. बाई खूश होऊन घरी जाते. पुढे नवऱ्याच्या लक्षात आलं तर आलं. आणि नवरे काय बघतात."

दुसऱ्या खुर्चीवरच्या बाईनं हात वर करून स्वतःच्या मानेमागून फिरवला.

सिग्ने घरी परतली ती निर्णय घेऊनच, आणि निर्णय तिच्या स्वभावाला धरून होता: ती आश्चर्यचकित होणार होती. केरुल्फनी कंसाचा विषय काढला, की ती भुवया उंचावणार, खंडाकडे बघणार आणि म्हणणार, "अरे, खरंच की." पुढचे दिवस तिनं तिकीट खिडकीच्या काचेत या चेहऱ्याचा सराव केला. म्हातारे बिचारे तिकिटाची किंमत वाढली असं समजून खिशात आणखी नाणी शोधायचे.

चर्चेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत गुन्वर, निळा पोशाख घालून. तिच्याशेजारी मामा, खिशात भाषण. मागे तलावावरची सगळी मंडळी, कपड्यांत असल्यामुळे चटकन ओळखू न येणारी. आणि भिंतीकडेला ते पेन्शनर, जे गावातली कुठल्याही विषयाची एकही जाहीर चर्चा चुकवत नाहीत, कारण नंतर वाइन मिळते. परीक्षक समितीचे तिघं बाजूच्या टेबलाशी बसले होते. केरुल्फ आले ते कॉर्डरॉयच्या कोटात. सत्तरी ओलांडलेली, डोळे मिश्कील. डॅनिश माणूस तोंडात गरम बटाटा ठेवून बोलल्यासारखा बोलतो; लुंडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला ते समजतं असं सांगत आले आहेत, त्यामुळे कोणालाही पुन्हा विचारता येत नाही.

रीत अशी, की विरोधकानं आधी प्रबंध काय म्हणतो ते आपल्या शब्दांत सगळ्यांना सांगायचं, आणि मग उमेदवाराला विचारायचं, मी बरोबर मांडलं का. उमेदवारानं हो म्हणायचं. हल्ला त्यानंतर.

केरुल्फनी अर्धा तास घेतला, आणि सिग्नेच्या लक्षात आलं की आपला प्रबंध चांगला आहे. म्हणजे ते सांगत होते तेव्हा होता. तिनं जे तीन पानांत टिपांच्या ओझ्याखाली चिरडलं होतं, ते केरुल्फ एका वाक्यात उभं करत होते. चौथं प्रकरण आलं. त्यांनी तर्मेंडाच्या बायका आणल्या: ओल्या फरशीवर, वाफेत, लहान कुप्या हातात धरून रांगेत उभ्या, सणाचा दिवस, आणि यंदा मेनिप्पोसनं आपल्यालाही धरलंय या आनंदात जरा मोठ्यानं बोलणाऱ्या. पेन्शनर पुढे सरकून बसले. "दगड अगदी स्पष्ट बोलतो," केरुल्फ म्हणाले, "पुरुषांना आणि स्त्रियांना." सिग्नेनं भुवया तयार ठेवल्या.

ते पाचव्या प्रकरणाकडे वळले.

आधी तिला वाटलं, हा डाव आहे. मग वाटलं, हे मोठं मन आहे, झाकून घेताहेत. मग तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते काहीच झाकत नव्हते. ते विसरले होते. तरुणपणी एका तुटक्या कोपऱ्यात त्यांनी दोन शब्द भरले. पुढे पंचेचाळीस वर्षं इतरांनी ते इतक्या ठामपणे परत ऐकवले, की आपलंच पोर गर्दीत ओळखू येऊ नये तसं झालं होतं. ज्या एका माणसानं तिला पकडलं असतं, त्याला तिच्याच प्रबंधानं पटवलं होतं.

"तर," केरुल्फ हसून म्हणाले, "मी तुझं म्हणणं बरोबर मांडलं का?"

आश्चर्याचा चेहरा वाया गेला होता. आता फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की पदवी, केक, मामा. आणि तर्मेंडाच्या बायका कायमच्या दगडावर, दोघांच्या नावानं.

"बरोबर मांडलंत," सिग्ने म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं. पण ते खरं नाही."

पुढे कोणी त्याला धाडस म्हणालं की ती घाईनं दुरुस्ती करायची. धाडस वगैरे काही नाही. अकरा वर्षं प्रत्येक वाक्याखाली टीप लिहायची सवय, तशीच एक टीप तोंडातून बाहेर पडली.

एस्बियर्न छत पाहू लागला. सिग्नेनं खंड उघडून त्यांच्यापुढे ठेवला. केरुल्फनी चष्मा बदलला, मजकूर वाचला, खालची टीप वाचली, पुन्हा वर गेले.

"हे कोणी लिहिलंय?"

"तुम्ही."

ते त्या दोन अक्षरांवर वाकले. "मी सव्वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले.

"तसं तिथे दिलेलं नाही."

"'कदाचित' असं लिहिलंय मी."

"हो."

"चांगलं लिहिलंय," केरुल्फ म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. पण माणूस मुळात दगडांचा. तुटका कोपरा समोर आला की त्याला गप्प बसवत नाही. फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, की जागा तर बरोबर तेवढ्याच अक्षरांची आहे. दुसरं काय बसणार तिथे?

"'आणि परक्यांना' बसतं," सिग्ने म्हणाली. "'आणि पोरांना'ही बसवता येईल. थोडं दाटीनं कोरलं तर 'आणि गुलामांना'सुद्धा."

"गुलामांना फार लांब होतं."

"कोरणारा शेवटच्या ओळीत अक्षरं बारीक करतो. हे पाहा, वर."

अशा रीतीनं जाहीर चर्चा सुरू झाली. नियमानं विरोधकानं प्रबंधावर हल्ला करायचा असतो आणि उमेदवारानं बचाव. त्या दुपारी विरोधक प्रबंधाचा जीव तोडून बचाव करत होते आणि उमेदवार त्यांना एकेका बुरुजावरून खाली ढकलत होती. अकरा वर्षांत तिनं आपल्या बाजूचा प्रत्येक पुरावा गोळा केला होता. तो किती लेचापेचा आहे हे जगात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला त्या दुपारी जितकी मजा आली तितकी प्रबंध लिहिताना एकदाही आली नव्हती. गुन्वर शेजारच्या मामाला कुजबुजत विचारत होती, की आपली नक्की कोणत्या बाजूनं आहे. मामानं भाषण खिशातून काढून त्यातली एक ओळ खोडली.

समिती दार लावून आत बसली. एरवी अर्ध्या तासात बाहेर येतात. इथे बाहेर कोळंबी आणि अंडी लावलेला सँडविचचा थोरला केक मेजावर कोरडा पडायला लागला, वाइन उघडावी की नाही हे कोणी सांगेना, आणि पेन्शनर मंडळी नाराजी न दाखवता नाराज होऊन उभी होती. सिग्ने तलावाच्या व्यवस्थापकाला विचारत होती, की उन्हाळ्यात जास्तीच्या पाळ्या मिळतील का. एस्बियर्न तिच्याजवळ येऊन उभा राहिला. तो म्हणाला, की त्याच्या व्याख्यानात पुढल्या वर्षी तो दगड नसेल. मग स्वतःच म्हणाला, "किंवा असेल. कोपऱ्यासकट."

दार उघडलं. समितीच्या अध्यक्ष, फिनलंडच्या एक कोरड्या चेहऱ्याच्या बाई, कागद न बघता बोलल्या. प्रबंध मंजूर झाला होता, दोन विरुद्ध एक. चौथ्या प्रकरणाबद्दल त्या म्हणाल्या, "आमच्यासमोर इतकी जाणकार टीका फार दिवसांत झाली नव्हती. विरोधकाला ती खोडता आली नाही. ती उमेदवारानंच केली, हे जरा गैरसोयीचं आहे."

गुन्वरला तेवढ्यातला 'मंजूर' हा एक शब्द पुरला. वाइन उघडली.

मेजवानीत मामाचं भाषण झालं. खोडलेली ओळ तर्मेंडाच्या बायकांविषयीची होती, त्यामुळे मधेच एक विनोद कशावर आहे ते कोणाला कळलं नाही, तरी लोक हसले. रीतीप्रमाणे विरोधकही बोलतो. केरुल्फ उठले, तोंडातला बटाटा सांभाळत चार शब्द बोलले, ते कोणालाच समजले नाहीत, आणि सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग केकाच्या मनोऱ्याआड त्यांनी सिग्नेला गाठलं. दोघांनी मिळून एक छोटा लेख लिहावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा अंदाज मागे घेणारा.

"तो माझा एकमेव शोध आहे," सिग्ने म्हणाली.

"माझा," केरुल्फ म्हणाले. "तुझा शोध म्हणजे, तो शोध नव्हताच, हा."

लेख चार पानांचा झाला. डॉक्टर सिग्ने तुवेसन यांचं पदवीनंतरचं पहिलं प्रकाशन म्हणजे त्यांच्याच प्रबंधाच्या एकुलत्या एक वाचनीय प्रकरणाचं खंडन. हे वाक्यही तिचंच. ते ती पाहुण्यांना कॉफीबरोबर द्यायची.

नोकरी लागली, पण अर्धी. आठवड्यातले दोन दिवस ती नव्या विद्यार्थ्यांना तुटके दगड वाचायला शिकवते, उरलेले दिवस तिकीट खिडकी. प्रबंध आता बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. परदेशातल्या जाडजूड पुस्तकांत चौथ्या प्रकरणाचा हवाला येतो; त्या चार पानांचा अजून कोणी दिलेला नाही. सिग्ने प्रत्येक लेखकाला नम्रपणे कळवते, की तो भाग कंसात आहे, कृपया अमुक लेख पाहावा. बहुतेक जण उत्तर देत नाहीत. एकानं दिलं, इंग्लंडमधल्या एका प्राध्यापकानं, अगदी प्रामाणिकपणे: तुमचं बरोबर आहे, आम्हाला ते ठाऊकही होतं, पण विद्यार्थ्यांना त्या बायका फार आवडतात.

त्याला काय लिहावं यावर तिनं दोन दिवस घालवले. मग काहीच लिहिलं नाही. तिलाही त्या आवडत होत्या.